आठ सुपाऱ्यांच्या बारा

भिकू, ये, असा जवळ बस. दारात उभं राहून बोलायची तुझी खोड काही जायची नाही. मी रागावलेय तुझ्यावर. हसू नकोस. गोष्ट अर्धी सांगायची आणि "पुढच्या खेपेला सांगतो" म्हणत चपला पायांत सरकवायच्या, हे तू लहानपणापासून करत आलास. मी चालवून घेतलं, कारण पुढची खेप असायची. आता तुझी ती अर्धी गोष्ट माझ्या पडवीत तशीच पडून आहे. आठ सुपाऱ्या आहेत, कोनाड्यात, पणतीच्या मागे. घरातली सुपारी संपली, बोर्लीच्या बाजाराला जाणं झालं नाही, पान नुसतंच खाल्लं, पण त्यांना अडकित्ता लावला नाही.

मला वाटलं होतं, भाऊजी तुला घेऊन येतील. आणलं त्यांनी. फडक्यानं तोंड बांधलेलं एक लहानसं मडकं होतं. एवढा उंच माणूस तू, माझ्या पडवीच्या वाशाला दर खेपेला डोकं आपटायचास. मडकं आत येताना कुठेच आपटलं नाही.

तुला मुदतीचा ताप आला, तो पावसामुळे आगबोटी बंद असताना. तार मिळाली तसे भाऊजी, तुझे वडील, म्हसळा, माणगाव करत मिळेल त्या गाडीनं आणि नाही मिळाली तिथे पायी मुंबईला पोचले. उशीर झाला. खोलीतले सोबती म्हणाले, मास्तर शेवटी शेवटी तापात वर्गातच होते, फळ्यावर लिहिल्यासारखा हात फिरवत होते. मी भाऊजींना विचारलं, काय लिहीत होता? ते म्हणाले, "वैनी, मला काय कळणार?" मला कळलं असतं कदाचित. मी तिथे नव्हते.

दहाव्याला हरिहरेश्वरला गेले ते. आम्ही बायका मागे राहिलो. परत आल्यावर म्हणाले, कावळा लगेच शिवला, पान ठेवायचा अवकाश. सगळे म्हणाले, चांगलं झालं, त्याचं मागे काही राहिलं नव्हतं. बघ, तेव्हा मला तुझा खरा राग आला. तुझं काही राहिलं नव्हतं? थोडा वेळ तरी अडायचं होतंस. कुणी म्हटलं असतं, बाबा रे, तुझ्या वरच्या आईला तू काहीतरी सांगणार होतास, ते राहिलंय का? मग शिवायचं होतं.

तुला दोन आया. मुंबईत तू हे कुणाला सांगितलंस की नाही, मला ठाऊक नाही. मी वरची आई आणि कृष्णी खालची. खरी म्हणायची तर कृष्णी. माझी धाकटी जाऊ, तिनंच तुला जन्म दिला. तुझ्या आधी तिची दोन गेली होती, एक नाव ठेवायच्या आधी आणि एक रांगायला लागल्यावर. म्हणून तू झालास तेव्हा आपल्याकडे करतात तसं केलं. तुला सुपात निजवलं, वर जुनेरं टाकलं आणि कृष्णीनं ते सूप माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवलं. मी बाहेर येऊन विचारलं, "हे गं काय?" ती तोंड फिरवून म्हणाली, "टाकलंय. कुणाला पायजे तर घ्या." असंच म्हणायचं असतं. तिचा आवाज मात्र टाकणारीचा नव्हता. मी सूप उचलून आत नेलं. पुढे काही दिवसांनी ती माझ्या दाराशी पदर पसरून उभी राहिली, भीक मागितली, आणि मी तुला तिच्या पदरात घातलं. म्हणून तू भिकू. शाळेत तुझं भिकाजीराव झालं ते नंतर.

ह्यातली युक्ती तुला मीच सांगितली होती. मरण खालच्या घरी आलं, तर त्याला सांगायचं, इथलं पोर टाकून दिलं. वरच्या घरी आलं, तर म्हणायचं, हिला तर मूलच नाही. दोन्हीकडून त्यानं रिकाम्या हातानं जायला हवं. आणि तसं गेलंही रे ते, इतकी वर्षं. पण तू मुंबईला तिसरं घर केलंस. तिथे तुला लपवणारं कुणी नव्हतं.

तुझ्या जन्माआधीच दोघे भाऊ वेगळे झाले होते. भांडी वाटली, शेत वाटलं, माड मोजून वाटले. एक विहीर तेवढी वाटता येईना, ती दोन घरांच्या मधे राहिली. एका आडव्या लाकडाला दोन रहाट, एक आमचा, एक त्यांचा. दोघी एका वेळी पाणी काढायचो. तुला आठवतं का, भरलेला हंडा एकटीला डोक्यावर चढवता येत नाही. कुणीतरी समोरून हात लावावा लागतो. ती माझा चढवायची, मग एका हातानं डोक्यावरचा हंडा सावरत मी तिचा चढवायची. माझे मालक गेले त्या वर्षीसुद्धा हे चुकलं नाही. भाऊ-भाऊ महिनोन्‌महिने बोलत नसत, तेव्हाही नाही.

आणि तू. तू पण वाटता आला नाहीस. सकाळची पेज खाली, दुपारचं जेवण वर. निजायला जिथे झोप लागेल तिथे. संस्थानचा शिरगणतीवाला आला होता, तुला आठवत असेल. तू तेव्हा पाटी घेऊन हिंडत होतास. त्यानं माझ्या दारी विचारलं, घरात माणसं किती? मालक तेव्हा गेलेले, मी म्हटलं, "दोन. मी आनि भिकू." मग तो खाली गेला. कृष्णीनं सांगितलं, "तीन. आमी दोघं आनि भिकू." तासाभरात तो घामाघूम होऊन परत वर आला.

"बाई, हा भिकू कुठल्या घरचा?"

"ह्या घरचा."

"खालच्या बाई म्हणतात, त्यांचा."

"व्हय, त्यांचा पन हाय."

"अहो, एक माणूस दोनदा मोजता येत नाही."

"मंग एकदाच मोजा की. आमी कुठं न्हाय म्हनतो? दोन्ही घरांत एकदा एकदा मोजा."

त्यानं कपाळाला हात लावला. शेवटी कुठे लिहिलं, ते आम्हाला कधी कळलं नाही. कृष्णीला वाटतं तिच्याकडे लिहिलं, मला वाटतं माझ्याकडे. तू मोठा झाल्यावर ही गोष्ट इतक्यांदा सांगायला लावायचास, आणि दर वेळी "दोन्ही घरांत एकदा एकदा" ह्यावर पोट धरून हसायचास. मला तेव्हा कळायचं नाही की त्यात तुला एवढं काय सापडलंय. ते कळलं ह्याच उन्हाळ्यात.

वैशाखात आला होतास, शेवटचा. दिघीला आगबोटीतून उतरून पडावात बसलास, चपला हातात धरून किनाऱ्याला लागलास, तिथून घरी. जेवून पडवीत पाय पसरलेस आणि म्हणालास, "वरच्या आई, सुपाऱ्या आण. सोललेल्या. तुला एक गंमत दाखवतो."

मला वाटलं पान खायचंय. तू त्या जमिनीवर मांडायला लागलास.

मी शिकलेली नाही, हे तुला माहीतच आहे. तुझ्या पाटीवरची अक्षरं उलटी बघून बघून मी वाचायला शिकले, कारण तू समोर बसायचास. पुड्यांचे कागद वाचले, पंचांग वाचलं, तुझी पुस्तकं वाचली, कळली तेवढी. पण तुझं रसायन माझ्या हातात कधी आलं नव्हतं. त्या दुपारी आलं.

तू म्हणालास, जगातली प्रत्येक वस्तू बारीक बारीक अणूंची बनलेली आहे, आणि अणू म्हणजे एकेक घर आहे असं समज. घराच्या अंगणात काही कण असतात. त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात, पण आपण सुपाऱ्या म्हणू. प्रत्येक घराला आपलं अंगण भरलेलं हवं असतं. हायड्रोजनचं घर लहान, त्याचं अंगण दोन सुपाऱ्यांत भरतं, पण त्याच्याकडे असते एकच. प्राणवायूचं मोठं, त्याला आठ लागतात, आणि त्याच्याकडे सहा. आता काय करायचं?

"मागून आनायच्या," मी म्हटलं.

"कुणाकडून? सगळीच घरं अडलेली."

"मंग हिसकावून."

"तसं पण करतात काही. मीठ त्यातलंच. तिथं एक घर आपली सुपारी देऊनच टाकतं, दुसरं घेऊन बसतं. देणारं आणि घेणारं, मग एकमेकांना चिकटून राहतात. पण हायड्रोजन इथं सोडत नाही आणि प्राणवायूला पण ती आख्खी ओढून घेता येत नाही. मग ते एक करतात."

आणि तू प्राणवायूच्या सहा सुपाऱ्यांतली एक बाजूला सरकवलीस, हायड्रोजनची एकुलती एक तिच्या शेजारी आणलीस, आणि ती जोडी दोन घरांच्या बरोबर मधे ठेवलीस. दुसऱ्या बाजूला दुसरं हायड्रोजन, तिथेही तशीच एक जोडी. मग हात झटकून म्हणालास, "हे बघ पाणी. आपल्या विहिरीतलं."

मी सुपाऱ्यांकडे बघत राहिले. तू म्हणालास, "मोज."

मी मोजल्या. आठ.

"आता प्राणवायूच्या घरातून मोज. त्याच्या आपल्या चार, आणि ह्या दोन मधल्या जोड्या. किती?"

"आठ."

"भरलं अंगण. ह्या हायड्रोजनचं?"

"दोन."

"भरलं. त्याचं?"

"दोन."

"तिन्ही घरं भरली."

मी म्हटलं, "थांब. आठ आनि दोन आनि दोन, बारा झाल्या. जिमिनीवर आठ हायत. वरच्या चार कुठून आल्या? लबाडी हाय तुझी."

त्यावर तू जो हसलास ना भिकू. पडवीच्या खांबाला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. "अगं, तोच शिरगणतीवाला," म्हणालास. "मधली जोडी दोन्ही घरांत मोजायची. अर्धी इथं, अर्धी तिथं असं नाही. आख्खी इथं आणि आख्खी तिथं. त्यालाच तर जोड म्हणतात. ती मधली जोडी दोघांची असते म्हणून दोन घरं एकमेकांना धरून राहतात."

मग डोळे पुसून म्हणालास, "मी कॉलेजात हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा वर्गात सगळे लिहून घेत होते आणि मला तुम्ही दोघी विहिरीवर दिसत होता."

मला भरून आलं होतं आणि ते दिसू नये म्हणून मी भांडायला लागले. माझी ती रीतच आहे. म्हटलं, "सामाईक असतं तिथं सारखं नसतं. एक जण ओढतोच."

तू म्हणालास, "बरोबर. पाण्यात प्राणवायू जरा जास्त ओढतो. जोडी त्याच्या बाजूला कलते."

"मंग प्रानवायू म्हंजे कृष्णी."

"ती म्हणेल, तू."

मग मी विचारलं, ही जोड होते तेव्हा काय होतं? तू सांगितलंस, ऊब बाहेर पडते. दोन अणू जुळले की त्यांच्यातली ऊब बाहेर जाते, आणि पुढे ती जोड तोडायची झाली तर बरोबर तेवढीच ऊब परत आत घालावी लागते, त्याशिवाय तुटत नाही. हे मला त्या दिवशी आवडलं होतं. आज ते मला जाळतंय. तू सुपातून आलास त्या दिवशी दोन घरांत जी ऊब झाली, तेवढीच आता परत मागतंय कुणीतरी.

त्याच दुपारी तू दोन पेल्यांत पाणी घेतलंस. एकात मीठ टाकलंस, दुसऱ्यात साखर. दोन्ही दिसेनाशी झाली. मी म्हटलं, सारखंच झालं की. तू म्हणालास, दिसायला सारखं. मीठ पाण्यात गेलं की देणारा आणि घेणारा सुटे होतात, पाण्यात वेगवेगळे फिरतात. साखरेचं तसं नाही. तिचा बारीकातला बारीक कणसुद्धा आतून जोडलेला असतो आणि पाण्यात गेल्यावरही तो तसाच राहतो. दिसत नाही, पण आख्खा असतो.

भाऊजींनी हरिहरेश्वरला तुला समुद्रात सोडलं. मीठ की साखर, हे मी आता कुणाला विचारू?

आणि शेवटी मी विचारलं ते तुला आठवतं. निघायच्या दिवशी, तू चपला शोधत होतास. मी म्हटलं, "भिकू, समज जोड तुटली. मंग मधल्या सुपाऱ्या कुनाच्या?" तू म्हणालास, कधी एकेक वाटून घेतात, कधी एकच जण दोन्ही घेऊन जातो. मी म्हटलं, "आनि सुपारीच हरवली तर? घरं दोन्ही हायत, मधलीच गेली, तर?" तू एक चप्पल पायात, एक हातात, असा थांबलास. म्हणालास, "चांगलं विचारलंस. ह्याला जरा वेळ लागेल. पुढच्या खेपेला सांगतो."

कोनाड्यात सुपाऱ्या ठेवल्या त्या तेव्हा.

आता मागचं सांगते. तुला ठाऊक असायला हवं, कारण त्याचं तूच काहीतरी करशील असं मला वाटतं, अजून वाटतं.

मडकं आलं त्या दिवशी खालच्या घरात गाव जमलं. सगळ्या बायका कृष्णीभोवती. तिचं डोकं धरायला, पाणी पाजायला. मी पण गेले. पण मी कुठे बसायचं, हे मला कळेना. माझं डोकं कुणी धरलं नाही. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "तुमी जरा तिला धीर द्या बाय, ती आई हाय." तिचं काही चुकलं नाही. कुणालाही असंच दिसतं. मी कृष्णीपाशी गेले, खांद्यावर हात ठेवला, तशी तिनं मान वर केली आणि म्हणाली, "अक्का, तुमच्या ओटीत घातला व्हता ना? का न्हाय ऱ्हायला?"

भिकू, मी हात काढून घेतला आणि वर निघून आले.

त्यानंतर मी विहिरीवर सकाळी गेले नाही. तिचं तोंड बघवेना. ती मला दोष देत होती की देवाला विचारत होती, हे मी मनात शंभर वेळा उलटून पालटून बघितलं. तू असतास तर एका शब्दात सोडवलं असतंस. तू असतास तर झालंच नसतं. मी दुपारी जायला लागले, माणसं जेवून निजतात तेव्हा. पण हंड्याला हात लावायला कुणी नाही. म्हणून अर्धाच भरायचा, कमरेवर घ्यायचा, दोन खेपा करायच्या. अर्धा हंडा वाटेत डुचमळतो, निम्मं लुगडं भिजतं. मनाशी म्हणायची, हे असंच आता. मधलं गेलं, घरं सुटली. भिकूनं सांगितलं नाही तरी मला उत्तर कळलं.

काल दुपारी गेले तर कृष्णी तिथेच. मी तिला टाळायला दुपारची जायची, आणि ती मला टाळायला भर दुपारचीच येत होती, माझ्या थोडी आधी. काल तिला उशीर झाला. तिचा हंडाही अर्धाच होता आणि लुगडं कमरेपासून भिजलेलं. दोघी एकमेकींच्या भिजलेल्या लुगड्यांकडे बघत उभ्या.

ती किती वाळलीय, तुला बघवलं नसतं.

मी माझ्या रहाटाशी गेले. पोहरा सोडला. ती तिच्या रहाटाशी. बराच वेळ नुसती चाकंच वाजत होती. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, त्यानं तुमाला सुपाऱ्यांचं दाखवलं व्हतं?"

माझा दोर हातातून निसटता निसटता राहिला. "तुला कुनी सांगितलं?"

"मला चिंचोक्यांचं दाखवलं. ह्याच खेपेला आला तवा. मला वाटलं मलाच दाखवलं."

"मला पन तसंच वाटलं."

ती अगदी थोडी हसली. रडण्याच्या अलीकडचं हसू असतं ना, तसं. म्हणाली, "माझं डोकं तुमच्यासारखं न्हाय. आठ बिठ मला झेपलं नसतं. मला दोनच चिंचोके दिले. म्हनाला, हे धाकटं घर, हे पन धाकटंच, दोगांकडं एकेक. दोन्ही मदी ठेवले की झाली जोड. मी म्हनलं, आनि उंदरानं एक नेला तर? आपल्याकडं उंदीर हायतच की."

भिकू, मी पोहरा कठड्यावर टेकवला. म्हटलं, "काय म्हनाला?"

"म्हनाला, एक नेला तरी सुटत न्हायत. एकच ऱ्हायला तरी दोगांना धरून ठेवतो. सैल धरतो, पयल्याच्या निम्मं. पन धरतो."

तू मला द्यायचं ते उत्तर तिच्याजवळ ठेवून गेला होतास. की तेव्हा तुलाच ते सुचलं, तिच्या उंदरामुळे? मला पुढच्या खेपेला सांगणार होतास ते हेच ना?

मी विचारलं, "आनि दोन्ही नेले तर?"

ती पदर तोंडाला लावून खाली बसली. "ते इचारलंच न्हाय. दूध उतू चाललं व्हतं, मी चुलीकडं धावले. परत आले तवर तो चिंचोके तिथंच ठेवून तुमच्याकडं वर गेला व्हता."

मी तिच्या शेजारी बसले. पावसाच्या उघडिपीत, कठड्याला टेकून, दोघी. ती म्हणाली, "मी त्या दिशी तुमाला बोल लावला न्हाय अक्का. मला दुसरं कुनाला इचारायचं व्हतं? तुमी त्याला घेतला व्हता. तुमालाच म्हाईत असनार असं वाटलं." मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, मला पण नाही. तेवढंच बोललो. मग रडलो, ते सांगण्यासारखं नाही. तुझ्यासाठी दोघी मिळून आम्ही काल पहिल्यांदा रडलो.

उठलो तेव्हा तिनं आपला हंडा पुरा भरला. माझा मी भरला. ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हात लावा."

लावला. तिनं माझा चढवला, मी तिचा. पाणी दोघींच्या अंगावर सांडलं, पण हंडे चढले.

रात्रभर माझ्या मनात एकच फिरतंय. उंदरानं एक नेला की दोन्ही? तू गेलास म्हणजे मधलं सगळंच गेलं, असं धरून मी इतके दिवस दुपारची पाण्याला जात होते. आणि काल हंडा चढवताना वाटलं, नाही, एक कुठेतरी आहे. मग वाटतं, माझं मलाच समजावणं असेल हे. मला तुझ्यासारखं शास्त्र येत नाही. हिशोब जमत नाही तिथे मी भांडायला लागते, आणि भांडायला समोर तू नाहीस.

तुझी ट्रंक खालीच आहे. दोन सदरे, एक कोट, खडूचे तुकडे कोटाच्या खिशात. कृष्णीनं आज एक सदरा वर पाठवला. मी परत पाठवला नाही. निरोप दिला की तुझ्या कोटाचे खिसे झटकू नकोस, खडू असू दे.

शिकवलंस त्याबद्दल तुला मी कधी बरं म्हटलं नाही, सारखी चुका काढत बसले. आता सकाळी घागरीतलं पाणी पेल्यात ओतताना मी थांबते. इतकी वर्षं पाणी बघितलं, पण त्यात घरं आहेत, अंगणं आहेत, मधे दोघांची म्हणून ठेवलेली जोडी आहे, हे मला म्हातारपणी तू दाखवलंस. नाही तर मी ते नुसतंच प्यायले असते. तुझ्यावाचून मला ते पाणी जड जातं, पण ते मी ओतून टाकत नाही.

भाताच्या रोपांनी मूळ धरलंय. आता गणपतीनंतर आगबोटी सुरू होतील. दिघीला पडाव लागला की मी कान देईन, ते काही आता सुटायचं नाही. तू लवकर ये, भिकू. चपला हातात घेऊन ये, डोकं वाशाला आपट, मी ओरडणार नाही. कुठल्या घरी उतरायचं ते विचारू नकोस. सुपाऱ्या कोनाड्यात आहेत, खालच्या घरी चिंचोके आहेत, आम्ही दोघी विहिरीवर असू. दोन्ही नेले तर काय होतं, तेवढं सांगायला ये.